‘मी असे का केले?’ या प्रश्नाचे उत्तर मला खरोखर ठाऊक असते का?

दुपारची_सावली (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात कपाट आवरताना माझी एक जुनी रोजनिशी हाती लागली. अकरा वर्षांपूर्वी मी एक नोकरी सोडली होती, आणि ती का सोडली असे कोणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असे: वडिलांचे आजारपण वाढले होते, त्यांच्याजवळ राहणे गरजेचे होते. हे उत्तर मी इतक्या वेळा दिले आहे की त्यात काही चुकीचे असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. रोजनिशीत राजीनाम्याची तारीख ३ मार्च आहे, तर वडिलांच्या पहिल्या तपासणीची नोंद ९ एप्रिलची. त्याआधीच्या पानांवर वडिलांचा उल्लेख एकदाच येतो, तोही त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिल्याचा. फेब्रुवारीची पाने मात्र एकाच गोष्टीने व्यापलेली आहेत: माझ्यानंतर चार वर्षांनी रुजू झालेल्या एका सहकाऱ्याला मिळालेली बढती. एका पानावर तर ‘आज बैठकीत त्याच्या शेजारी बसावे लागले’ एवढे एकच वाक्य आहे आणि त्याखाली पेनाने इतके गिरवले आहे की कागद फाटला आहे.

मी लोकांशी खोटे बोलत होतो, असे मला वाटत नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असावे लागते, आणि मला तर ते ठाऊकच नव्हते. म्हणूनच हा धागा काढत आहे. आपण स्वतःच्या मनात डोकावतो तेव्हा तिथे जे आहे ते आपल्याला दिसते, की एखादे पटण्याजोगे कारण आपण तिथल्या तिथे रचतो आणि ‘दिसले’ म्हणून सांगतो?

या प्रश्नावर मानसशास्त्रात झालेले एक काम बहुतेकांच्या कानावर असेल. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका दुकानातल्या प्रयोगाचे वर्णन आहे. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले होते आणि त्यांतला सर्वांत चांगला कोणता, हे लोकांनी सांगायचे होते. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी डावीकडून उजवीकडे जाताना पसंतीचे प्रमाण १२, १७, ३१ आणि ४० टक्के असे चढत गेले. निवडीचे कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, कारागिरी अशी कारणे दिली. जागेचा परिणाम झाला असेल का, असे थेट विचारले तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते साफ नाकारले, आणि काहींनी तर विचारणाऱ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. माझी रोजनिशी मला दुसऱ्या कोणी वाचून दाखवली असती, तर मीही त्याच्याकडे तसेच पाहिले असते.

शंकासूर

धागा रोचक आहे, पण दोन ठिकाणी अडलो.

पायमोज्यांच्या प्रयोगात निवडीला काही कारण असावे, हे गृहीतच कृत्रिम आहे. चार सारख्या वस्तू समोर ठेवून ‘सर्वांत चांगली कोणती’ असे विचारणे हीच मुळात फसवणूक झाली. त्यामुळे समोरचा माणूस सभ्यपणाने काहीतरी उत्तर देतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. नोकरी सोडण्यासारखा निर्णय, ज्यावर माणूस महिनोन्महिने विचार करतो, त्याच तराजूत कसा घालता येईल?

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. रोजनिशीदेखील आपणच लिहिलेली आहे. तिच्यात जे उतरले ते त्या दिवशीचे अंतर्निरीक्षणच होते. एका साक्षीदाराला खोटे पाडण्यासाठी आपण दुसरा साक्षीदार उभा केला आहे, आणि दोघेही एकाच घरातले आहेत. आजच्या स्वतःवर विश्वास नाही, तर अकरा वर्षांपूर्वीच्या स्वतःवर का ठेवायचा?

दुपारची_सावली

दुसरा मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. रोजनिशीतल्या वाक्यांवर मी विसंबलेलो नाही, तारखांवर विसंबलो आहे. ३ मार्च हा ९ एप्रिलच्या आधी येतो, हे कळायला मनात डोकावावे लागत नाही. ज्या गोष्टीमुळे मी नोकरी सोडली असे सांगत होतो, ती गोष्ट तेव्हा घडलेलीच नव्हती. फाटलेल्या कागदाचेही तेच. ते काही माझे निवेदन नाही. हाताने केलेली ती एक कृती आहे आणि ती अजून पानावर आहे.

अर्धविराम

मी काही वर्षे मानसशास्त्र शिकवले असल्यामुळे थोडी पार्श्वभूमी मांडतो, कारण या प्रश्नाने एकेकाळी आमचा अख्खा विषय हादरवला होता.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा प्रशिक्षित निरीक्षकाने स्वतःच्या अनुभवाचे वर्णन करणे ही एक शिस्तबद्ध पद्धत होती. वुंट स्वतः तिच्या मर्यादा बऱ्याच काटेकोरपणे पाळत. क्षणिक संवेदनांपलीकडे ती ताणू नये असा त्यांचा आग्रह होता. पुढे वादाची ठिणगी पडली ती विचारांवरून. कोणतीही प्रतिमा वा संवेदना नसलेला निखळ विचार असू शकतो का, या प्रश्नावर वुर्झबर्गच्या संशोधकांनी ‘असतो’ असे सांगितले, तर अमेरिकेत एडवर्ड टिचनर यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षकांना तो कुठेच आढळला नाही. दोन्हीकडचे निरीक्षक कसलेले होते आणि दोन्हीकडचे आपण पाहिले तेच सांगत होते; तरीही निवाडा करायला तिसरी कुठलीच जागा उरली नव्हती. १९१३ साली जॉन वॉटसन यांनी मनात डोकावण्याचा हा उद्योगच मानसशास्त्रातून हद्दपार करावा अशी मागणी केली, तिला इतका प्रतिसाद मिळण्यामागे ही कोंडी हे एक मोठे कारण होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘स्वतःचे मन कळते का’ असा एकच प्रश्न विचारला की चर्चा फसते, असे माझे मत आहे. दात दुखतो आहे हे मला कळणे, मी कोणता विचार करत होतो हे मला सांगता येणे आणि मी असे का केले हे मला ठाऊक असणे, ही तीन निरनिराळी कामे आहेत. निस्बेट-विल्सन यांच्या निबंधाचा रोख प्रामुख्याने तिसऱ्यावर होता. त्यांच्यानंतर तीनच वर्षांनी, १९८० साली, अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी दुसऱ्या कामाची बाजू मांडली. एखादे कोडे सोडवताना माणसाला मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगितले, तर ते बोलणे बरेच विश्वसनीय असते आणि त्याच्या प्रत्यक्ष कृतीशी जुळतेही. मात्र बोलणे काम चालू असतानाच व्हायला हवे, आणि ‘का’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘का’ विचारताच माणूस वर्णन सोडून सिद्धान्त मांडू लागतो.

शंकासूर, कृत्रिमतेच्या आपल्या आक्षेपावर एक उदाहरण देतो, जिथे खरे कारण प्रयोगकर्त्याला नक्की ठाऊक होते. मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला दुवा शस्त्रक्रियेने छेदलेल्या एका रुग्णाला एकाच वेळी दोन चित्रे दाखवली. बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दिसला आणि न बोलणाऱ्या उजव्या अर्धगोलाला बर्फाने झाकलेले घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितल्यावर त्याच्या उजव्या हाताने कोंबडी दाखवली आणि डाव्या हाताने फावडे (उजवा हात डाव्या अर्धगोलाच्या ताब्यात असतो आणि डावा हात उजव्याच्या). फावडे निवडले गेले ते बर्फामुळे, पण बोलणाऱ्या अर्धगोलाला बर्फाचा पत्ताच नव्हता. फावडे का, असे विचारल्यावर रुग्ण क्षणभरही अडखळला नाही. कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच, असे त्याने सांगितले. ‘मला माहीत नाही’ हे उत्तर त्याला उपलब्ध होते; ते त्याने दिले नाही, आणि त्याला आपण काही बनवून सांगत आहोत असेही वाटले नाही.

कोरा_कागद

अर्धविराम यांचा प्रतिसाद आवडला, पण त्यांनी पहिल्या दोन कामांना फार लवकर सोडून दिले. ‘का’ कळत नाही हे ठीक, पण ‘आत्ता मला काय दिसते आहे’ हे तरी कळते का? तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी सांगितलेला एक साधा प्रयोग सर्वांनी करून पाहावा. पत्त्यांच्या कॅटमधून न पाहता एक पत्ता काढा. समोर भिंतीवर एखादा बिंदू ठरवून नजर त्यावर खिळवा. पत्ता हातात धरून हात बाजूला पूर्ण ताणा, पत्त्याची दर्शनी बाजू स्वतःकडे ठेवा, आणि हात अगदी हळूहळू मध्याकडे आणा. नजर बिंदूवरून हलवू नका. पत्ता लाल की काळा, हे कुठे कळते, आणि कोणता पत्ता आहे हे कुठे कळते, याचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेवा.

शंकासूर

केला. नजर दोनदा फसवून पत्त्याकडे गेली, म्हणून तिसऱ्यांदा केला. चौकटची राणी होती. चित्राचा पत्ता असल्याचे कळायला हात जवळजवळ नाकासमोर आणावा लागला, आणि लाल रंगाबद्दलही मी बराच वेळ चुकीचा होतो. माझा लेखी अंदाज होता की खांद्याच्या रेषेपासून थोडे पुढे आले की सगळे स्पष्ट दिसेल. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत मी असे समजत होतो की समोरचे सगळे दृश्य मला एकसारखे स्वच्छ दिसते. हे मान्य करणे जिवावर आले आहे, पण हा आक्षेप मी मागे घेतो.

पदच्छेद

येथे आपल्या दर्शनांमधला एक जुना वाद आठवतो. ज्ञान झाले हे कशाने कळते, असा तो प्रश्न होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, म्हणत की ‘हा घट आहे’ हे एक ज्ञान आणि ‘मला घटाचे ज्ञान झाले’ हे त्यानंतर येणारे दुसरे ज्ञान. या दुसऱ्याला ते अनुव्यवसाय म्हणत. दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्धांनी सांगितले की ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची गरजच नसते, ते दिव्याप्रमाणे स्वतःलाही प्रकाशित करते. याला त्यांनी स्वसंवेदन म्हटले. त्यावर शांतिदेवासारख्या माध्यमिक, म्हणजे शून्यवादी, बौद्धांचा आक्षेप असा की तलवारीची धार स्वतःला कापू शकत नाही, तसेच चित्त स्वतःला पाहू शकत नाही. सर्वांत धीट भूमिका कुमारिल भट्टांच्या मीमांसादर्शनात आढळते. तिथे ज्ञान प्रत्यक्ष दिसतच नाही. वस्तूच्या ठिकाणी जी ‘ज्ञातता’, म्हणजे ज्ञात झाल्याची अवस्था, येते तिच्यावरून आपल्याला ज्ञान झाले असले पाहिजे, असे अनुमान करावे लागते. म्हणजे स्वतःच्या मनाबद्दलही आपण धुरावरून अग्नी ओळखावा तसे बाहेरून आत जातो.

हा वाद ज्ञानाच्या प्रकाशाचा होता, हेतूंचा नव्हता, हे मला मान्य आहे, आणि आधुनिक प्रयोगांचे निष्कर्ष आमच्याकडे आधीच सांगून ठेवले होते, असला दावा मला करायचा नाही. पण धागाकर्त्याने तारखांवरून आणि फाटलेल्या कागदावरून स्वतःचा राग ओळखला, ती रीत मात्र अगदी कुमारिलांच्या वळणाची आहे. तलवारीचा आक्षेपही पुढे दुसरीकडे उगवलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्त कोंत यांनी म्हटले की विचार करणारा आणि त्या विचाराला पाहणारा असे माणसाचे दोन भाग होऊ शकत नाहीत. जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्याला उत्तर दिले की पाहणे त्याच क्षणी व्हायला हवे असे नाही, लगेच नंतर स्मृतीच्या आधारेही ते करता येते.

अर्धविराम

मिल यांचे ते उत्तर या धाग्याला फार महागात पडते, हे लक्षात घ्या. अंतर्निरीक्षण म्हणजे नुकत्याच गेलेल्या क्षणाची स्मृती असेल, तर स्मृतीचे सगळे दोष त्याला चिकटणार. ‘लगेच नंतर’ म्हणजे दोन सेकंद की अकरा वर्षे, एवढाच मग फरक राहतो. रसेल हर्लबर्ट यांनी यासाठीच ही खिडकी शक्य तितकी अरुंद केली. त्यांच्या पद्धतीत माणसाने दिवसभर जवळ एक उपकरण बाळगायचे. ते अवचित वाजले की वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होते ते टिपून ठेवायचे आणि नंतर मुलाखतीत त्याचे बारकाईने वर्णन करायचे. आपण सतत शब्दांतच विचार करतो अशी खात्री असलेल्या लोकांच्या टिपणांत शब्द फारसे सापडत नाहीत, तेव्हा तेच चकित होतात.

परिघाबाहेर

माझा अनुभव घरगुती आहे. माझा धाकटा भाऊ चिडला की कपाटांची दारे जोरात लावतो. ‘चिडलास का?’ असे विचारले की दार लावता लावताच म्हणतो, ‘कोण म्हणतं मी चिडलोय?’ तो नाटक करत नाही. साधारण अर्ध्या तासाने तो स्वतः येतो आणि ‘मगाशी मी जरा चिडलोच होतो’ असे एखादी बातमी सांगावी तसे सांगतो. ती बातमी घरातल्या सगळ्यांना आधीच पोचलेली असते. अर्थात हेही खरे की त्याला रात्री झोप लागत नाही, मनात धास्ती असते, हे आम्हाला कोणालाच कधी कळले नव्हते. ते त्याने सांगितले तेव्हाच कळले. सिमिन वझीर यांनी २०१० साली असेच काहीसे दाखवले आहे: चिंता, अस्वस्थता यांसारख्या आतल्या गुणांबद्दल माणूस स्वतः अधिक अचूक असतो, आणि हुशारी, सर्जनशीलता यांसारख्या, जिथे स्वतःला चांगले म्हणवून घेण्याचा मोह असतो, तिथे मित्र अधिक अचूक असतात.

आणि आपण ‘मनाची समजूत घातली’ असे म्हणतो, तेव्हा कोण कोणाची समजूत घालत असते, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे.

थोडे अवांतर: कारणे शोधत बसण्याचा तोटाही होतो. विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायची चित्रे निवडायला सांगितली. काहींना निवडीपूर्वी आवडीनिवडीची कारणे लिहायला लावली. काही आठवड्यांनी विचारले तेव्हा कारणे लिहिणारे आपल्या निवडीबद्दल कमी समाधानी होते. जे कारण शब्दांत मांडणे सोपे, त्याच्याकडे निवड झुकली असावी.

शंकासूर

पत्त्यांच्या बाबतीत हार मानली असली, तरी मूळ धाग्यावर माझी एक शंका शिल्लक आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते.

धागाकर्त्याने तारखांवरून एवढेच सिद्ध केले की वडिलांची तपासणी राजीनाम्यानंतर झाली. त्यापुढे जाऊन ‘खरे कारण बढती हेच होते’ असे ते जवळजवळ धरून चालले आहेत, आणि इतर सर्वांनीही ते विनातक्रार स्वीकारले. कशाच्या आधारावर? वडील थकत चालले आहेत हे घरातल्या माणसाला तपासणीच्या कितीतरी आधी जाणवत असते. ते रोजनिशीत लिहिलेच जाईल असे नाही. उलट बोचणारी गोष्ट आपण लिहून काढतो आणि आतून पोखरणारी गोष्ट लिहीत नाही, असेही घडते. चष्मा दुरुस्तीला दिल्याची नोंद करणारा मुलगा वडिलांकडे पाहत तरी होता.

मला दिसते ते असे की दोन कारणांपैकी जे आपल्याला अधिक खुजे दाखवते, तेच अधिक खरे, असे आपण मानतो. मत्सराचा कबुलीजबाब दिला की प्रामाणिकपणाचे समाधान मिळते. पण ‘उदात्त कारण रचलेले असते आणि क्षुद्र कारण सापडलेले असते’ हा नियम कोणत्या प्रयोगाने सिद्ध केला? फावडे का उचलले याचे जसे खुराड्याचे कारण जुळवता येते, तसेच बढतीचेही जुळवता येईल. फरक एवढाच की या वेळी कच्चा माल रोजनिशीने पुरवला.

कोरा_कागद

हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. २००५ साली पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांच्या प्रयोगात लोकांनी दोन छायाचित्रांमधून एक चेहरा निवडला, आणि हातचलाखीने त्यांच्या हाती दुसराच देऊन ‘हा का निवडलात’ असे विचारले गेले. बहुतेकांना अदलाबदल कळली नाही, आणि न निवडलेल्या चेहऱ्याच्या पसंतीची कारणे त्यांनी तितक्याच सहजपणे दिली. शंकासूर यांचे म्हणणे असे दिसते की रोजनिशीनेही धागाकर्त्याच्या हातात दुसरे छायाचित्र ठेवले असू शकते.

दुपारची_सावली

शंकासूर यांच्या प्रतिसादाने दोन दिवस झोप उडवली. माझ्याबद्दलचे वाईट ते खरे, असे मी धरून चाललो होतो, हे मला कबूल करावे लागेल. आणि ही कबुली देतानाही पुन्हा तेच करतो आहे की काय, अशी शंका येते.

शेवटी काल रात्री मोठ्या बहिणीला फोन केला. तिला धाग्याबद्दल काही सांगितले नाही. एवढेच विचारले की मी नोकरी सोडली तेव्हा काय कारण सांगितले होते. ती म्हणाली, ‘तू कारण सांगितलंच नव्हतंस. दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हतास. बाबा एकदा म्हणाले की त्याला विचारू नका, म्हणून आम्ही कोणी विचारलं नाही.’ मग वडिलांच्या आजारपणाचे कारण कधी आले, असे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ते बाबाच सांगायचे. माझ्यासाठी घरी आलाय, असं ते पाहुण्यांना सांगायचे.’

हे ऐकता ऐकताच ते दृश्य मला आठवू लागले: पुढच्या खोलीतली खुर्ची, नवा चष्मा घातलेले वडील, आणि दारात उभा असलेला मी. अगदी स्पष्ट आठवते आहे. फोन करण्याआधी मात्र ते मला आठवत नव्हते.

शंकासूर

चष्म्याची चौकट कोणत्या रंगाची दिसते? आणि बहिणीला तो रंग आठवतो का, हे तिला काही न सुचवता विचारता येईल का?

दुपारची_सावली

मला काळी दिसते. तिला आज विचारले. ती म्हणाली की तो चष्मा दुरुस्त झालाच नाही. काच मिळाली नाही म्हणून बाबा शेवटपर्यंत जुनाच वापरत होते.